त्या मदत करतात

एक मूर्खपणा आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. चित्रकारांवर एक माहितीपट निघाला होता. त्यात कुणाकुणाला दाखवायचं हे सुचवायचं काम माझ्याकडे आलं. जिला खरोखर माणसाचा चेहरा काढता येत होता तिला मी ब्रश धुवायला बसवलं. तिच्या नवऱ्याला, ज्याच्या हातून दोन डोळे कधी एका रेषेत येत नसत, त्याला चित्रकार केलं. आणि मधोमध, कडक इस्त्रीच्या हातमागाच्या साडीत, मी स्वतः जाऊन बसले.

हे सगळं वर यायचं कारण माझी नात. ती इथं नांदेडला माझ्याकडेच राहून चित्रकलेचं शिकते. कॉलेजात तिला निबंध लिहायचा होता: चित्रकारांना काम करताना दाखवणारे माहितीपट आणि त्यांत दिसणारं वैविध्य. माझ्या कपाटातली जुनी कॅसेट तिनं कुठल्याशा दुकानातून फोनवर उतरवून आणली, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि जेवता जेवता आम्ही दोघींनी तो सिनेमा बघितला. ती म्हणाली, "आजी, त्या काळाच्या मानानं चांगलंय गं. स्त्री आहे, मुस्लिम आहे, लोककला आहे, भूकंपग्रस्त आहे. सगळे खाने भरलेत." मग थोडं मागं घेऊन पुन्हा बघत म्हणाली, "पण तू दोन मिनिटं आहेस आणि बैल साडेतीन."

बैलाचं पुढं येईल. आधी खान्यांचं सांगते.

भूकंप होऊन दीडेक वर्ष झालं होतं. मी लातूरला एका शाळेत चित्रकलेची बाई होते. त्या दिवसांत लातूरमध्ये ज्याला त्याला डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं होतं, आणि ज्याला व्हायचं नव्हतं त्याला त्याच्या आईबापांना करायचं होतं. गल्लोगल्ली क्लास निघाले होते. पूर्वी जिथं पिठाची गिरणी होती तिथं भौतिकशास्त्र, जिथं म्हशी बांधत तिथं जीवशास्त्र. माझ्या तासाला गणिताचे सर दारात येऊन उभे राहायचे. "बाई, आज तेवढा तास सोडा." मी सोडायची. पुढं पुढं ते दारात यायचेही थांबले, थेट आतच असायचे. मग मी रंगीत खडूंचा डबा मांडीवर घेऊन स्टाफरूममध्ये बसायची, आणि आपल्यावर अन्याय होतोय या विचारात फार सुखात असायची. या अख्ख्या गावात कला कळणारी मी एकटी, अशी माझी तेव्हा समजूत होती. कुणी वाद घालत नव्हतं. कुणाला फुरसतच नव्हती.

अशात पुण्याहून एक तरुण दिग्दर्शक आला, सोबत कॅमेरामन. शाळेत रिकामं माणूस एकच असल्यामुळं हेडमास्तरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"मॅडम, मला मराठवाड्यातले चित्रकार हवेत," दिग्दर्शक म्हणाला. "कामात गढलेले. पण सगळे एकाच घाटाचे नकोत. वैविध्य दिसलं पाहिजे."

त्याच्याकडे एक कागद होता. कागदावर खाने आखलेले होते आणि प्रत्येक खान्यावर नाव होतं: अल्पसंख्याक, लोककला, भूकंपग्रस्त, स्त्री. आमच्या शाळेत डब्यांची मांडणी होती तसं. फक्त कुठला डबा कुठल्या खान्यात एवढंच ठरायचं होतं. शेवटच्या खान्याशी आल्यावर त्यानं पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला.

"तसं स्वतःबद्दल आपण बोलू नये," मी म्हणाले, आणि पाऊण तास बोलले.

स्त्रीचा खाना असा पहिल्याच दिवशी भरला.

अल्पसंख्याकांच्या खान्यासाठी आम्ही नांदेडला गेलो. ट्रकांच्या अड्ड्यावर एक चाचा होते, ट्रकवर चित्रं काढायचे. आम्ही पोचलो तेव्हा ते केबिनच्या कपाळावर माहूरची रेणुकामाता काढत होते. ट्रक दुसऱ्या दिवशी गडाला जायचा होता. त्यांचा हात असा चालला होता की कॅमेरामननं कुणाला न विचारता कॅमेरा चालू केला. दिग्दर्शकानं तो बंद करायला लावला आणि मला बाजूला घेतलं. "मॅडम, यातून त्यांची ओळख कळत नाही. त्यांना उर्दूत काही लिहायला सांगा ना."

मी सांगितलं. चाचा म्हणाले, "मेरेकू उर्दू नै आती, बाई. मैं मराठी शाळा का पोट्टा."

"मग बघून काढा," मी म्हणाले. मी चित्रकलेची बाई. बघून काढा, याच्यापलीकडे मी जन्मात दुसरं काही शिकवलं नव्हतं. शेजारच्या टपरीवर हैदराबादच्या बिस्किटांचा रिकामा डबा होता, त्याच्या पाठीमागं उर्दू छापलेलं होतं. चाचांनी देवीचा मळवट अर्धा सोडला, एका पत्र्यावर ती अक्षरं हुबेहूब उतरवली, आणि विचारलं, "अब देवी पूरी करूं? डायवर चिल्लाएगा."

देवी पुरी झाली तेव्हा आम्ही लातूरच्या रस्त्याला लागलो होतो.

मग भूकंपग्रस्त. इथं माझी खरी करामत सुरू होते.

लातूरला आमच्या शाळेच्या मागच्या रस्त्यावर एका पेंटरचं दुकान होतं. नवराबायको दोघंही मुखेडहून आलेले. क्लास वाढले तशी त्यांची भरभराट झाली, कारण निकाल लागला की प्रत्येक क्लासला आपल्या हुशार पोरांची तोंडं बोर्डावर पाहिजे असायची. पासपोर्टचा एवढासा फोटो यायचा, आणि त्याचं परातीएवढं तोंड होऊन पत्र्यावर जायचं. पुढच्या वर्षी त्याच पत्र्याला पांढरा हात मारायचा, की नवी तोंडं. आईबाप समोर उभे राहून सूचना करायचे. पोरगा जरा उजळ करा. चष्मा काढा. दुसऱ्याच्या पोराला चष्मा आहे, आमच्याला पण घाला, अभ्यासू दिसेल.

दुकानाला मधोमध जुन्या लुगड्याचा पडदा होता. पडद्याच्या अलीकडं, रस्त्याच्या बाजूला, पेंटर अक्षरं काढायचा. पलीकडं त्याची बायको बसायची. मी एकदा शाळेच्या बोर्डासाठी गेले होते तेव्हा पडदा सरकला आणि मला ती दिसली. मांडी घालून बसलेली, पुढं आडवा पत्रा, आणि बारीक ब्रशानं एका पोराचा कान काढत होती. नवऱ्यानं रेघा मारून दिल्या असतील आणि ही रंग भरत असेल, असं मी समजले. फुलं काढून द्यावीत आणि पोरींनी रंग भरावेत, हेच तर मी वर्गात करत होते. पत्र्यावर एक रेघसुद्धा नव्हती, नुसता तो कान होता, हे मला दिसलं. पण दिसलं म्हणजे कळलं असं नाही.

ते कळवलं तिनंच. सिनेमाची बातमी रस्त्यात पसरली होती. मी दुकानात गेले तशी ती पडद्याबाहेर आली, हाताला पांढरा रंग लागलेला.

"बाई, तुमी फिलम करायलाव म्हणं."

"हो."

"मग एक काम करा. मालक अक्षरं काढतेत, तोंडं म्या काढते. फिलममदी माझा हात दिसू द्या. तोंड न्हाई दिसलं तरी चालतंय. हात तेवढा, तोंड काढताना."

"का बरं?" मी विचारलं.

तिचं माहेर भूकंपात गेलेल्या गावांतलं. आई गेली होती, गल्लीतली निम्मी माणसं गेली होती. आता नवं गाव वसलं होतं, सिमेंटच्या घरांचं, आणि तिथल्या सभागृहाच्या भिंतीवर त्या गल्लीतल्या गेलेल्या माणसांचे चेहरे काढून घ्यायचे असं गावच्या समितीनं ठरवलं होतं. फोटो कुणाचेच सापडले नव्हते.

"म्या म्हणलं, मी काढते. समिती म्हणायली, तू तर पेंटरची बायको. त्यांचा इतबार बसंना. चित्रकार आणू म्हणायलेत. फिलम ते बघणार हायेत. माझा हात बघितला तर बसंल इतबार." मग म्हणाली, "त्या भिंतीवर माझी आई हाय, बाई. दुसऱ्यानं कुणी काढली तर ती कुणाची तरी आई व्हईल, माझी न्हाई."

"बघू," मी म्हणाले. मोठ्या माणसासारखी मान हलवून.

घरी जाऊन मी खरोखरच बघितलं. काय बघितलं? कागद. त्यावर स्त्रीचा खाना एकच होता आणि त्यात माझं नाव होतं. भूकंपग्रस्ताचा खाना मोकळा होता, पण तिथं जर ती बसली तर ती स्त्रीही आणि भूकंपग्रस्तही, दोन्ही खाने एकटी घेऊन बसणार. मग माझं काय? बायको भूकंपग्रस्त आहे म्हणजे नवराही थोडासा असणारच, असा विचार मी केला. त्या वयात मी फार विचार करायची.

दिग्दर्शक, कॅमेरामन आणि मी दुकानात गेलो. पेंटर नवा शर्ट घालून तयार होता. दिग्दर्शकानं विचारलं, "भूकंपात तुमचं काय काय गेलं?"

"सासुरवाडी गेली, साहेब," पेंटर म्हणाला. "मी मुखेडला होतो त्या दिवशी. फळीवरचा एक डबा पडला."

दिग्दर्शकानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "फार संकोची माणूस आहे."

मग त्याला एक तोंड काढायला सांगितलं. पेंटर हसला. "तोंडं ही काढते, साहेब. म्या काढलं तर पोरगं नापास झाल्यासारखं दिसंल."

"ही म्हणजे?" दिग्दर्शकानं मला विचारलं.

पडदा अर्धा सरकलेला होता. ती तिथंच उभी होती, ब्रश हातात धरून. तिनं हात स्वच्छ धुतला होता, नखातला रंगसुद्धा काढला होता. माझ्याकडं बघत होती. दिग्दर्शकही माझ्याकडं बघत होता.

"त्या मदत करतात," मी म्हणाले.

तीन शब्द. एवढ्यावर सगळं झालं. दिग्दर्शकानं मान डोलावली, पेंटरच्या हातात ब्रश दिला, आधीच काढून झालेल्या एका चेहऱ्यापुढं त्याला बसवलं, आणि चेहरा बिघडू नये म्हणून ब्रश कोरडाच ठेवायला सांगितलं. पेंटर बिचारा गालावरून कोरडा ब्रश फिरवत राहिला, हजामत करायला बसल्यासारखा. दुकानाच्या दारात शेजारणीनं काढलेली रांगोळी होती, आणि लोककलेचा खाना अजून रिकामा होता. तर पेंटरच्या बायकोला त्या रांगोळीशेजारी बसवलं आणि ब्रश धुवायला दिले.  तिनं ब्रश अगदी नीट धुतले. केस न केस मोकळा करून.

आता बैल.

माझं चित्रीकरण नव्या गावाजवळच्या रानात झालं. दिग्दर्शकाला मातीशी नातं पाहिजे होतं. मी आयुष्यात उघड्यावर बसून चित्र काढलं नव्हतं. आमच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कणकेचा डबा सरकवून मी काढायची. शाळेतून लाकडी स्टँड टेम्पोत घालून नेलं. विषय होता भूकंपातली आई. आई काढली तर चेहरा काढावा लागतो, म्हणून मी ती पाठमोरी, पदर घेतलेली आणि जरा धुक्यात काढली. त्याला मी प्रतीकात्मक म्हणत असे. वारा सुटला की स्टँड कलंडायचं. शेत समितीच्या अध्यक्षांचं होतं, आणि मागं त्यांचा देवणी बैल बांधलेला. काय बैल होता. पांढऱ्यावर काळे ठिपके, भरदार वशिंड, आणि असा उभा की जणू त्याचीच वाट बघत सगळे आलेत. कॅमेरामन खेड्यातला होता. माझ्यावरून कॅमेरा सुटायचा आणि बैलावर जाऊन स्थिरावायचा. दिग्दर्शक ओरडायचा, कॅमेरा परत यायचा, पुन्हा हळूच जायचा. मी आकाशाकडं बघत ब्रश हवेत धरला होता, विचारात पडल्यासारखी. विचार हाच होता की साडीचा काठ दिसतोय की नाही.

सिनेमा पुरा झाल्यावर नांदेडला एका सभागृहात दाखवला. लातूरची, नव्या गावची मंडळी एसटीनं आली होती. पेंटर आणि त्याची बायको दोघंही आले होते. ती माझ्या मागच्याच रांगेत बसली होती.

चाचा गंभीर चेहऱ्यानं उर्दू लिहिताना दिसले, मागं बासरी वाजत होती. शेवटच्या रांगेत बसलेले कुणी उर्दूचे मास्तर मोठ्यानं हसले. चहाच्या वेळी त्यांनी सांगितलं की पत्र्यावर लिहिलंय, थंड व कोरड्या जागी ठेवा. पेंटर आला तेव्हा निवेदक म्हणाला की भूकंपानं या कलावंताचं सर्वस्व हिरावून नेलं. पेंटर अंधारात बायकोला म्हणाला, "अगं, डब्याचं न्हाई घेतलं." मग रांगोळी आली, धुतले जाणारे ब्रश आले, आणि निवेदकाचा आवाज: कलावंताच्या घरातली मूक साथ. मग मी, मग बैल, मग थोडी मी, मग बराच वेळ बैल.

दिवे लागल्यावर मी मागं वळले. काही तरी बोलायला पाहिजे होतं. तीच बोलली.

"हात आला की, बाई," ती म्हणाली. "ब्रश धुताना."

मी म्हणाले, "हो, छान आलाय." होय, असं म्हणाले मी. माझ्या नातीला हे सांगितलं तेव्हा तिनं जेवता जेवता घास खाली ठेवला.

बाहेर अध्यक्ष भेटले. डोक्याला पटका, बोलणं हळू. "बाई, भिंतीचं काम तुमीच करा. तो पेंटर काय कामाचा न्हाई. त्याच्या ब्रशाला रंगच नव्हता. तुमच्या ब्रशाला तरी होता."

शेतकऱ्याची नजर. कोरडा ब्रश एवढ्या मोठ्या सभागृहात त्यांना एकट्यालाच दिसला होता. मी तेव्हाच खरं सांगू शकले असते. ती दहा पावलांवर नवऱ्याबरोबर एसटीसाठी पिशवी सावरत उभी होती. पण स्त्री चित्रकार म्हणून नुकतीच पडद्यावर येऊन गेलेली बाई एवढ्यात खाली कशी उतरणार? मी म्हणाले, "गावाची सेवा आहे. करीन."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नव्या गावी गेले. भिंत लांबलचक, पांढरी. पहिल्या दिवशी एक म्हातारी समोर येऊन बसली. तिची सून काढायची होती. मी वही उघडली.

"चेहरा लांबट होता की गोल?"

म्हातारीनं विचार केला. "चेहऱ्यासारखा चेहरा."

"नाक कसं? सरळ, बसकं?"

"नाक व्हतं की."

चार दिवसांत मी पाच चेहरे काढले. पाचही जणींना एकाच आईच्या पोटच्या म्हणून खपवता आलं असतं. नीटनेटक्या, भांग मधोमध, डोळे बदामी, चित्रकलेच्या परीक्षेला शंभरातले साठ मिळतील अशा. म्हातारी भिंतीपुढं उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही माझी सून न्हाई," ती म्हणाली. "ही हापिसातली बाई दिसायली. माझी सून कधी एवढ्या मायेनं माझ्याकडं बघितलीच न्हाई."

माणसं हसली. म्हातारी हसली नाही. तिच्याकडं सुनेचं दुसरं काहीच उरलेलं नव्हतं, आणि मी तिला हापिसातली बाई काढून दिली होती. अध्यक्ष म्हणाले, "बाई, दोन दिवस थांबा." त्यांना पुढं काय म्हणायचं होतं ते दोन दिवसांनी म्हणणार होते.

यादीत सहावं नाव पेंटरच्या बायकोच्या आईचं होतं.

मी सकाळच्या गाडीनं लातूरला आले आणि थेट दुकानात गेले. पेंटर बाहेर अक्षरं काढत होता. त्यानं मला बघून पडद्याकडं नुसती मान केली. आत एका हुशार पोराची आई उभी राहून, पोराचे दात आत घ्या म्हणून सांगत होती. ती जाईपर्यंत मी थांबले.

"मला जमत नाही," मी पेंटरच्या बायकोला म्हणाले.

तिनं पत्र्यावरची नजर हलवली नाही. "काय जमंना?"

"तोंडं."

"कान कुणाचे बघितले?"

"कान?"

"कानापसून धरायचं, बाई. कान घराण्याचा असतोय. बहिणीचा, भावाचा, लेकराचा कुणाचा तरी बघायचा. कान चुकला की माणूस दुसऱ्याच्या घरात जातंय."

"नाही बघितले," मी म्हणाले.

"मग कसं जमंल." तिनं ब्रश टरपेनमध्ये बुडवला. "माझ्या आईचं काढलाव का?"

"नाही अजून."

तेव्हा तिनं वर बघितलं. "मग येते."

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या पायरीवर अध्यक्ष आणि समितीची चार-पाच माणसं बसली होती. ती एका बाजूला उभी, ब्रशांची पिशवी हातात. मला वाटलं होतं की गोड शब्दांत काही तरी सांगता येईल. सहकार्य वगैरे. पण अध्यक्षांची नजर कोरडा ब्रश ओळखणारी होती.

"सिनेमात मी खोटं सांगितलं," मी म्हणाले. "लातूरच्या बोर्डांवरची तोंडं या काढतात. यांचा नवरा नाही. मीही नाही."

"मग तवाच का न्हाई बोललाव?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला सिनेमात यायचं होतं."

 मग अध्यक्ष म्हणाले, "आमचा बैल चांगला आला त्यात." माझी बाजू घेतली की मला जागा दाखवली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ते तिच्याकडं वळले. "काढ बरं एक तोंड. बघू."

माझे पाच चेहरे मीच पांढऱ्या रंगानं पुसले. तेवढं मला येतं. त्या एका कामात मात्र मी तरबेज निघाले. एक डाग राहू दिला नाही.

तिनं म्हातारीला समोर बसवलं, आणि नाकाडोळ्याचं काही विचारलंच नाही. "मावशी, सून चुलीपुढं बसलेली असताना तुमी हाक मारली की कशी बघायची?"

म्हातारीनं तोंड वाकडं केलं, मान अर्धी वळवली, एक भुवई वर, खालचा ओठ दाताखाली. सगळ्या पायरीनं ती सून ओळखली.

"असंच बसा," ती म्हणाली, आणि सुनेच्या धाकट्या बहिणीला बोलावून तिचा कान बघून घेतला. तासाभरानं भिंतीवर एक चिडकी, तरणीताठी बाई मान वळवून बघत होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. म्हातारी पुढं गेली, अगदी भिंतीला नाक लागेल इतकी, आणि भिंतीला म्हणाली, "पदर घे गं डोक्यावर. माणसं बसलीत."

अध्यक्ष उठले आणि चहा सांगायला गेले. त्या भिंतीचं काय करायचं ते तिथंच ठरलं, त्यासाठी वेगळी सभा काही भरली नाही.

सगळी सुट्टी ती भिंत चालली. मी रंग कालवले, ब्रश धुतले, शिडी धरली. ती कधी कधी म्हणायची, "बाई, लई पातळ केलाव, पोरींना बी असंच शिकिवताव काय?" आणि मी मुकाट्यानं घट्ट करून आणायची. मदत करणारीला किती काम असतं हे मला तेव्हा समजलं. सगळ्यांत जास्त काम असतं आपला आवाज न करण्याचं.

आई तिनं शेवटी ठेवली. त्या दिवशी पेंटरही लातूरहून आला होता. मला वाटलं ती कुणा मावशीला, मामाला समोर बसवेल. त्यातलं कुणी उरलं नव्हतं. तिनं पिशवीतून हातात धरायचा आरसा काढला, तिरका धरला, केस मागं घेतले आणि स्वतःचा कान बघून भिंतीवर आईचा काढला. मग आरसा पालथा ठेवून दिला, तो पुन्हा उचलला नाही. बाकीचं ती डोळे मिटून मिटून काढत होती. पेंटर दाराशी उभा होता आणि मी शिडी धरून होते. चेहरा झाला तेव्हा ती शिडीवरून उतरली, मागं सरकत सरकत दारापर्यंत गेली, आणि तिथूनच थोडा वेळ बघत राहिली. रडली नाही. आईच्या नाकपुडीवर चमकीचा ठिपका राहिला होता, तो येऊन देऊन गेली.

मग भिंतीचा उजवा खालचा कोपरा राहिला. बोर्डावर पेंटर आपलं नाव टाकतात तो. मला वाटलं, निदान एवढं तरी आपल्या हातून नीट व्हावं. मी बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवून तिच्यापुढं धरला आणि म्हणाले, "इथं तुमचं नाव लिहा. तुमचंच. तुमच्या हातानं."

तिनं ब्रश घेतला, कोपऱ्याकडं बघितलं, आणि तो नवऱ्याच्या हातात दिला. माझा चेहरा बघून तिला हसू आलं असावं.

"नाव माझंच पडंल, बाई, पर अक्षरं मालक काढतील. मला अक्षरं जमत न्हाईत, अन् जे जमत न्हाई त्याला म्या हात लावत न्हाई."